पहिल्या वर्षाचं कारण

रूपरावानं पलंगाखालची पिशवी ओढून काढली आणि गादीवर उलटी केली. रक्ताच्या तपासण्यांचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, दोन एक्स-रे आणि त्याच्या बायकोचा, पौर्णिमाचा, एका काडीचा चष्मा. चष्मा त्यानं खिडकीत ठेवला आणि कागद पांगवायला लागला.

"बाबा, राहू द्या म्हटलं ना," दारातून अपेक्षा म्हणाली. तिच्या खांद्याला बॅग होती, हातात मार्कशीटांची फाइल. "मले नाई लावाचे ते कागद."

"काऊन नाई लावाचे? फारमात जागा देल्ली हाय म्हन्तेस ना. मार्क कमी काऊन, ते सांगा म्हन्ते. मंग सांग. आई बिमार होती, लिही. खोटं हाय का ते?"

"खोटं नाई."

"मंग?"

"आईच्या नावावर मले अॅडमिशन नाई पाहिजे."

 दीड वर्ष झालं होतं पौर्णिमा जाऊन. घरात तिचं नाव निघालं की दोघांपैकी एक जण काहीतरी काम काढून उठायचा. आज मात्र दोघंही जागेवरच होते.

अपेक्षाला बी.कॉम.ला सरासरी बावन्न टक्के पडले होते. पहिल्या वर्षी चव्वेचाळीस, दुसऱ्या वर्षी एकोणपन्नास, शेवटच्या वर्षी त्रेसष्ट. नंतर हिंगणघाटला एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात नोकरी करता करता तिनं एमबीएची प्रवेश परीक्षा दिली आणि शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना मागं टाकलं. वडनेरात कुणाला त्याचा अर्थ नीट कळला नाही. पण दोन कॉलेजांनी पदवीचे मार्क पाहूनच तिचा अर्ज बाजूला सारला, हे सगळ्यांना कळलं, कारण रूपरावानंच ते डेअरीवर सांगितलं. तिसरं कॉलेज पुण्याचं होतं. त्यांच्या फॉर्मात एक चौकट होती. मार्क कमी असतील तर कारण लिहा, पुरावा असेल तर जोडा, ते वाचून मुलाखतीला बोलवायचं की नाही ते ठरवू. आज रविवार, पाच वाजेपर्यंत शेवटची वेळ. यानंतर कुठलं कॉलेज उरलं नव्हतं.

"दुसऱ्या वर्षाचं तं समदं गाव सांगन," रूपराव म्हणाला. "पोयाच्या आदल्या दिवशी आई आंगनात पडली. तवापासून हप्त्यातून दोनदा सेवाग्रामले डायलिसिस. मी दूध सोडून जाऊ शकत नव्हतो, तूच जात होती. आता त्यात लपवाचं काय हाय?"

"आन पहिल्या वर्षाचं?"

तो हातातले कागद उगाच सारखे करायला लागला.

"पहिल्या वर्षी तं आई चांगली होती. सगळ्यात कमी मार्क तवाचेच हायेत. कारण देलं तं ते लोक हेच विचारतीन." ती वळली. "मी आदेशभाऊच्या दुकानात आहो. तुमी येऊ नका, डेअरीची वेळ होते."

रूपराव गावच्या दूध डेअरीवर होता. सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट मोजायची आणि जी निघेल ती लिहायची. सख्ख्या भावाच्या दुधात पाणी निघालं तेव्हा त्यानं ते चार माणसांसमोर मोठ्यानं सांगितलं होतं. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. रूपरावाला त्याचं काही वाटलं नाही. आहे ते सांगायचं, एवढंच त्याला येत होतं.

त्यानं पुन्हा कागद हातात घेतले. दुसऱ्या वर्षाचे तरी तयार ठेवावेत, पोरीचं मन फिरलं तर द्यावेत, असा विचार होता. औषधांच्या चिठ्ठ्यांच्या मधोमध एक घडी केलेलं कार्ड निघालं. वर्धेजवळच्या सेवाग्रामच्या दवाखान्यात पहिल्यांदा नाव नोंदवताना देतात ते. पौर्णिमा रूपराव, मुक्काम वडनेर. किडनीची ओपीडी. तारीख, नऊ नोव्हेंबर दोन हजार बावीस.

त्यानं तारीख परत वाचली. मग बोटांवर महिने मोजले. पौर्णिमा अंगणात पडली तो पोळा त्याच्या पुढच्या वर्षीचा. दहा महिने.

कार्डाच्या मागं पुढच्या भेटींच्या तारखा होत्या, सगळ्या बुधवारच्या. कुठं निळ्या शाईत, कुठं काळ्या. दर दोन-तीन आठवड्यांनी एक. शेजारी, सोबत आलेल्या माणसाची सही असते त्या जागी, प्रत्येक वेळी एकच नाव होतं. अपेक्षा, मुलगी.

पंधरा मार्च. तो बोट ठेवून थांबला. त्याच महिन्यात डेअरीवर दूध घालता घालता अण्णाजी म्हणाला होता, "रूपराव, तुमची लहानी वर्धेच्या स्टँडवर दिसली होती गा. बुधवार होता. कॉलेज तं हिंगणघाटले हाय ना तिचं?" रूपरावानं घरी येऊन अपेक्षाला उभं केलं होतं. ती काही बोलली नाही. पौर्णिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही बोलली नाही. निकाल लागला तेव्हा त्यानं डेअरीवर सांगून टाकलं, "माही पोरगी शिकाले नाई, हिंडाले जाते." लोक हसले होते. अपेक्षा त्याच लोकांसमोरून रोज बसला जायची.

त्या हिवाळ्यात पौर्णिमा स्वतःपुरती भाजी वेगळी काढून ठेवायची, मीठ टाकायच्या आधी. त्यानं विचारलं तर म्हणायची, वय झालं, सोसत नाई. त्याला पटलं होतं.

आणि त्याच हिवाळ्यात मोहिनीचं, मोठ्या पोरीचं, साक्षगंध होऊन लग्न ठरलं होतं. त्याआधीची एक सोयरीक मोडली होती. ती रूपरावानंच मोडली, असं पौर्णिमा म्हणायची. पाहुणे चहा पीत होते, कुणी काही विचारलंही नव्हतं आणि यानं आपणहून सांगितलं की मोहिनीला चार वर्षांची असताना तापात झटका आला होता. पाहुण्यांनी चहा संपवला आणि ते गेले. त्या दिवशी पौर्णिमा त्याला एवढंच म्हणाली होती, "तुमच्या पोटात काई म्हणून राहत नाई."

रूपरावानं कार्डाची घडी घातली. मग त्यानं ते शर्टाच्या खिशात घातलं आणि बाकीचे कागद तसेच गादीवर टाकून निघाला. सव्वाचार झाले होते.

आदेशचं ऑनलाइन कामांचं दुकान हायवेच्या कडेला होतं. अपेक्षा कॉम्प्युटरसमोर बसली होती. रूपरावाला पाहताच आदेशनं हात जोडले.

"या काका, बरं झालं आले. तुमच्या पोरीले समजवा जरा. त्या चौकटीत काय लिहिलं मालूम हाय? म्हन्ते, 'पहिल्या वर्षी मी अभ्यास केला नाही. दुसरं काही कारण नाही.' असं कोनी लिहिते काय बाप्पा? मी बारावीले तीनदा बसलो, पण अजून कबूल नाई केलं."

"आदेशभाऊ, तुमी मार्कशीट स्कॅन करा ना," अपेक्षा म्हणाली. "बाबा, तुमी काऊन आले? डेअरी?"

"अण्णाजीले सांगतलं, आज तू घे दूध."

तेवढ्यात पासपोर्ट फोटोसाठी एक गिऱ्हाईक आलं आणि आदेश त्याला घेऊन पडद्यामागं गेला. रूपरावानं खिशातून कार्ड काढलं, घडी उलगडली आणि कीबोर्डाशेजारी ठेवलं.

"हे बी लाव."

अपेक्षानं कार्डाकडे पाहिलं. तिनं ते उचललं नाही.

"कुठी भेटलं?"

"पिशवीत."

"मी फाडलं होतं म्हणून समजत होती." ती म्हणाली, "आई म्हणे, ताईचं लग्न होऊ दे, मंग सांगतो. लग्न झालं, तं म्हणे तिची आखाडी होऊ दे, पहिल्यांदा घरी येईन पोरगी. मंग पोयाले सांगतो म्हणे."

"गोया सुरू होत्या?"

"हाव. गोया, पथ्य, सगळं करत होती. डॉक्टर म्हणत, बराबर हाय."

"मी सांगून टाकलं असतं," रूपराव म्हणाला. "सोयऱ्याईले. जाऊनशान सांगतलं असतं."

 पडद्यामागं आदेश गिऱ्हाइकाला सांगत होता, "मान वर करा, हसू नका, पासपोर्ट फोटोले हसनं चालत नाई."

"तू तरी सांगाचं होतं, मी बोललो तवा," रूपराव म्हणाला. "डेअरीवर मी काय काय बोललो तुह्याबद्दल."

"आईची शपथ होती."

"मंग आता लिही. बुधवार होते ते समदे लिही. हा पुरावा हाय."

"मी लिहीन, पण ताईले कळलं तं?" अपेक्षानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "तिच्या लग्नासाठी आईनं दहा महिने काढले असे. ते ऐकून काय होईन तिचं? आन तुमाले मालूम झालं म्हणजे तं..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

टेबलावर तिचा फोन वाजला. मोहिनी. सकाळपासून ती यवतमाळहून तीनदा विचारून झाली होती. अपेक्षा फोनकडे पाहत राहिली. रूपरावानंच तो उचलला.

"अपे, झालं का व? पंचवीस मिनटं राह्यली."

"मी हावो," रूपराव म्हणाला. "होऊनच राह्यलं."

"बाबा, तुमी तिथं? बरं, ते पहिल्या वर्षाचं काय लिहिलं तिनं? हे म्हनत होते, मुलाखतीत पहिले तेच विचारतीन."

रूपरावानं कीबोर्डाशेजारच्या कार्डाकडे पाहिलं.

"अभ्यास नाई केला, असं लिहिलं."

"अगंबाई! तसंच लिहिलं? दुसरं काई कारण नव्हतं का हो, बाबा?"

"नाई," तो म्हणाला. "काई नव्हतं. हिंडत होती."

"बह्याड हाय पोट्टी. तुमच्यावरच गेली, समदं सांगून टाकते." मोहिनी हसली. "ठेवतो मी. झालं की कळवजा."

फोन बंद झाला तरी त्यानं तो थोडा वेळ कानालाच धरून ठेवला. मग टेबलावर ठेवला आणि बाजूच्या स्टुलावर बसला. 

अपेक्षानं ओढणीनं चेहरा पुसला. कार्ड उचलून स्कॅनरच्या काचेवर पालथं घातलं. मग चौकटीतली ती ओळ खोडली आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.