दोनशे त्रेचाळीसची भित्री रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे, आणि गेल्या मंगळवारी माझे तीन तुकडे करण्यात आले. पण ते विसरा. असं काही घडलेलं नाही. मी अखंड आहे, मला नुकतंच तेल लावलं आहे, आणि मी माझी कहाणी पहिल्यापासून सांगते आहे.

माझा दस्ता अक्रोडाचा आणि नळी पोलादाची. माझ्यातून जाणारी गोळी इंचाच्या हजार भागांपैकी दोनशे त्रेचाळीस भाग जाड असते, म्हणून मला दोनशे त्रेचाळीस म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक रायफल एकदा उडवून पाहतात. मलाही उडवलं. त्या आवाजानं मी जी हादरले, ती अजून सावरलेली नाही. हे काम आपल्याच्यानं होणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण रायफलीला दुसरं काही करता येत नाही. मी चौकशी केली होती.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये रायफलीनं हरीण मारायला बंदी आहे, म्हणून तो मला दर नोव्हेंबरात शेजारच्या राज्यात न्यायचा. हरीण दिसलं की तो दुर्बिणीतून त्याचा जबडा निरखत बसायचा आणि हरीण निघून जायचं. ती माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं. तो वारला आणि त्याच्या बायकोनं मला हर्बच्या तळघरातल्या दुकानात विकायला ठेवलं. तिथं मी अकरा वर्षं धूळ खाल्ली. कुणी मला हात लावला नाही. मी फार सुखात होते.

मग एका मार्चमध्ये लोर्ना आली. पन्नाशीची, बुटांना शेण लागलेलं. कोयोटांनी तिची तीन कोकरं नेली होती. कोयोट म्हणजे कोल्ह्यापेक्षा मोठा आणि लांडग्यापेक्षा निर्लज्ज प्राणी. तिच्याबरोबर तिचे वडील होते, कॅझिमिर. त्यांच्या पोलिश घरात वडिलांना ताता म्हणतात.

"छोटी बावीसची देऊ?" हर्बनं विचारलं.

"बावीसनं काय होईल?"

"कोयोटाला राग येईल."

"तीनशे आठ!" ताता टेबलावर थाप मारून म्हणाले. "बाकी सगळी खेळणी!"

"काका, तीनशे आठची गोळी कोयोटातून जाईल, कुंपणातून जाईल आणि शेजारणीच्या ओव्हनमधल्या लझान्यात जाऊन बसेल."

"मग लझान्या घट्ट करायचा तिनं!"

"ताता, तू गप बस ना जरा. माफ कर रे हर्ब, चाळीस वर्षं हेच ऐकतेय मी. जेवताना तीनशे आठ, चर्चमध्ये तीनशे आठ."

"तुझ्या आईला पण पटलं होतं!"

"आईला ऐकू येत नव्हतं."

हर्बनं मला खाली काढलं. मी खूप जड होऊन पाहिलं. उपयोग झाला नाही.

पण आमचं राज्य कडक आहे, आणि त्याचाच मला आधार होता. आधी प्रशिक्षणाचा वर्ग, मग अर्ज, मग ठसे, मग मुलाखत, मग चाळीस दिवस वाट. पोलीस चौकीत सार्जंट डूलीनं लोर्नाच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, तिनं मला नंतर सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलायची. घरात दुसरं बोलायला कोण होतं? ताता होते, पण ताता एकच गोष्ट दहादा विचारायचे आणि उत्तर दिलं की रागवायचे.

तातांचं डोकं विस्कटायला लागलं होतं. रोज दिवेलागणीला ते उठायचे, तपकिरी लोकरी कोट चढवायचे आणि मेंढ्यांना पाणी द्यायला निघायचे. मेंढ्यांना पाणी सकाळीच दिलेलं असायचं. कुरणाच्या मधोमध अंघोळीचा एक जुना टब होता, त्याच्यापाशी ते ओणवे होऊन पाणी ढवळत बसायचे. लोर्ना त्यांना हात धरून घरी आणायची. परवाना आल्यावर तिनं मला घरी आणून लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली गळ्यात घातली, ती त्यांच्यामुळेच.

आता नियम असा, की कुणाच्या घरापासून पाचशे फुटांच्या आत प्राण्याला गोळी घालायची नाही. शेजारी घरं तीन, आणि शहरातून शनिवार-रविवारी येणाऱ्या त्या लोकांनी परवानगीच्या चिठ्ठ्यांना उत्तरं दिली नाहीत. लोर्नानं पाचशे फुटांचा दोर आणला आणि दोन दिवस कुरण मोजलं. चौथ्या बाजूला रस्ता होता, तोही वगळला. उरलं काय? स्वयंपाकघराएवढा एक तुकडा. तिनं त्याच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून लाल फिती बांधल्या.

त्या चार फितींच्या बरोबर मध्ये टब होता.

यात आश्चर्य नव्हतं. मेंढ्यांच्या आवाजाची कुणी तक्रार करू नये, म्हणून तातांनीच तो टब सगळ्या घरांपासून लांबात लांब ठेवला होता.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला कपाटातही थंडी वाजायला लागली. कायद्यानं गोळी घालता येईल अशी जगात एकच जागा होती, आणि रोज संध्याकाळी तिथं एक म्हातारा तपकिरी कोट घालून ओणवा बसत होता. या दोन गोष्टींची सांगड फक्त मला दिसत होती. मी ओरडणार कशी? माझा आवाज मला माहीत आहे. तो एकाच कामाचा आहे.

लोर्ना गावातून काडतुसांचा डबा घेऊन आली. तो डबा पाहून मी डोळे मिटले.

मी घरी आल्यापासून अकराव्या दिवशी संध्याकाळी मेंढ्यांनी एकदम कालवा केला. ताता टीव्हीसमोर सूप पीत बसले होते, निदान दहा मिनिटांपूर्वी तरी. लोर्नानं कपाट उघडलं, मला उचललं आणि मागच्या पायरीवर येऊन माझ्या दुर्बिणीला डोळा लावला. वाऱ्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टबापाशी एक तपकिरी, केसाळ पाठ हलत होती.

तिला पाठ दिसली. मला पाय दिसले. एका पायात रबरी बूट, दुसऱ्यात घरातली सपात.

तिनं काडतूस सरकवलं आणि ते आत बसवणारा बोल्ट पुढे ढकलला. बोल्ट बंद होईना. तिनं तळहातानं ठोकला. होईना.

मी अडवलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी नुसती घाबरले होते, आणि घाबरून काही अडत नाही. अडवलं ते काडतुसानं. ते तीनशे आठचं होतं. दुकानदारानं "कुठलं?" म्हणून विचारलं तेव्हा चाळीस वर्षांच्या सवयीनं लोर्नाच्या तोंडून तेच निघून गेलं होतं. दोन्हींच्या गोळ्यांत फरक पासष्ट हजारांश इंचाचा. लोर्नाचा परवान्याचा अर्ज साधारण तेवढाच जाड होता.

पाठ सरळ झाली.

"लोर्ना! अगं बादली आण, उभी काय राहिलीस खांबासारखी!"

लोर्ना पायरीवर बसली. ताता खुरडत आले, माझ्याकडे वाकून पाहिलं आणि तिच्या पायाशी पडलेलं काडतूस उचललं.

"तीनशे आठ!" ते खूश होऊन म्हणाले. "शेवटी ऐकलंस बापाचं."

"हो ताता," ती म्हणाली. "ऐकलं."

दुसऱ्या दिवशी तिनं मला पेटीत घालून चौकीत नेलं.

"चाळीस दिवस थांबलात आणि अकरा दिवसांत परत?" सार्जंट डूली म्हणाली. "काय बिघडलं हिच्यात?"

"हिच्यात काही नाही. मोडून टाका."

मेंढ्यांसाठी लोर्नानं एक गाढव आणलं. ते कोयोटांना लाथा घालतं आणि तातांना ओळखतं. त्याला परवाना लागत नाही. मंगळवारी काय झालं ते झालेलंच नाही, असं आपलं ठरलं आहे.

फक्त एवढंच, मित्रांनो, की माझा हा अर्ज संबंधितांपर्यंत पोचवा:

महोदय, अर्जदार रायफल, सध्या तीन भागांत, सविनय विनंती करते, की यापुढे कुठल्याही रायफलीचा चाप ओढण्यापूर्वी समोर कोण आहे हे तिला लेखी कळवण्यात यावं; समोरच्याच्या पायांचा अलीकडचा फोटो आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या सोबत जोडाव्यात; आणि रायफलीलाही विचार करायला चाळीस दिवस मिळावेत. ठसे द्यायला अर्जदाराला बोटं नाहीत, तरी तेवढी अट शिथिल व्हावी.