आजचे बारा किलोमीटर

कोपरा वळताच दातवाल्यांनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि सायकल हाताने ढकलत ते चालू लागले. सायकल नेहमी डाव्या बाजूला. उजव्या हाताचा तळवा बेंबीच्या चार बोटं खाली, पट्ट्याच्या किंचित वर. समोरून कुणी आलं तर तो तळवा खिशात जाई, आणि माणूस पुढे गेला की पुन्हा जागेवर येई.

गल्लीत गतिरोधक फार, म्हणून आपण मोठ्या रस्त्यावर जाऊन सायकलवर बसतो, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. ती रोज खिडकीतून हात हलवायची. कोपऱ्यापलीकडे खिडकीला दिसत नव्हतं.

दातवाले कवळ्या बनवायचे. बावन्न वर्षांच्या आयुष्यातली सत्तावीस वर्षं प्लास्टरचे साचे आणि गुलाबी मेण यांच्यात गेली होती. धाकटी मेहुणी चष्म्याच्या दुकानदाराला दिलेली, ते चष्मेवाले. एका जावयाने दात दिले, दुसऱ्याने डोळे. आता केस देणारा तिसरा जावई कुठून आणू, असं सासरे म्हणायचे. दातवाल्यांच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा चष्मेवाल्यांनीच त्यांना दुकानात ओढत नेऊन सायकल घ्यायला लावली होती. सोबत म्हणून स्वतःही घेतली होती.

सात महिन्यांपूर्वी पुलाच्या उतारावर दोघं एकामागे एक चालले होते. पुढे असलेल्या चष्मेवाल्यांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्याच वेळी ब्रेक दाबला. दातवाल्यांचं चाक त्यांच्या चाकाला घासलं, हँडल गर्रकन फिरलं आणि त्याचं टोक दातवाल्यांच्या ओटीपोटात, उजवीकडे, खिळ्यासारखं घुसलं. रक्ताचा थेंब नाही. मोठ्या नाण्याएवढा एक लाल गोल तेवढा उमटला होता.

"काही नाही झालं," दातवाले म्हणाले होते.

"घरी बोलू नका हं," चष्मेवाले म्हणाले होते. "उगाच दोघी मिळून सायकली विकायला लावतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेणात दात बसवताना त्यांना दरदरून घाम फुटला. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. लाल गोलाच्या जागी लिंबाएवढा फुगवटा आला होता, आणि दाबला की तो गुरगुरत आत जायचा. संध्याकाळच्या आत त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. आतड्याला भोक पडलं होतं, पोटाची भिंत फाटली होती. दोन्ही शिवून झाल्यावर सर्जनबाई खाटेपाशी आल्या.

"आणखी सहा तास घरी काढले असते ना," त्या म्हणाल्या आणि पुढचं न बोलता कागदावर सही करू लागल्या.

ते न बोललेलं वाक्य दातवाल्यांच्या पोटात राहिलं. टाके निघाले, पण ते काही निघालं नाही. शिंक आली की ते नाक चिमटीत धरायचे. खोकला आला तर उशी पोटाशी घ्यायचे. अंघोळीच्या वेळी साबणाचा हात व्रणाला वळसा घालून जायचा. बायकोचा हात चुकून तिथे गेला, तर ते असे दचकायचे की ती बिचारी ओशाळी व्हायची. तीन महिन्यांनी सर्जनबाईंनी सांगितलं, "शिवण पक्की आहे, खुशाल सायकल चालवा." पक्की! पक्की म्हणून दिलेली कवळी मऊ घास खाताना मधोमध तुटून परत आलेली त्यांनी किती वेळा पाहिली होती.

पण घरात बसून ते खंगत चालले होते, साखर पुन्हा चढत होती. शेवटी बायकोने स्वतः सायकल दुरुस्त करून आणली आणि दारात उभी केली. त्या सकाळी ते खरोखर चालवायच्या इराद्याने निघाले होते. मोठ्या रस्त्यावर त्यांनी पाय उचलला, हँडल जरासं वळलं आणि त्याचं रबरी टोक शर्टाला टेकलं. नुसतं टेकलं. कानात शिट्टी वाजू लागली. अर्धा तास ते दिव्याच्या खांबाला धरून उभे होते.

घामाने निथळत घरी आले तर बायकोचा चेहरा उजळला. "बघा बरं, कशी तरतरी आली!" तिने लगेच बहिणीला फोन लावला. तासाभरात चष्मेवाल्यांचा निरोप आला. "शाब्बास साडूभाऊ! माझे आज अठरा झाले. तुमचे?"

दातवाल्यांनी लिहिलं, "बारा."

तेव्हापासून रोज बारा. चष्मेवाले कधी वीस कळवायचे, कधी पंचवीस. प्रत्यक्षात भेट मात्र होत नव्हती; दुकानात गर्दी आहे, पाहुणे आहेत, काही ना काही निघायचं. दातवाल्यांनाही ते बरंच होतं. बरोबर जाऊ या म्हणाले असते तर काय सांगितलं असतं?

आज नेहमीची वाट गटारासाठी खणून ठेवलेली होती. दातवाले जुन्या कागद कारखान्याच्या मागून तलावाच्या बांधाकडे वळले. बांधावर एका बाजूने कठड्याची लांबलचक भिंत होती आणि टोकाशी पंपाची खोली. खोलीच्या सावलीत कठड्यावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. टकलाची चकती त्यांनी लांबूनच ओळखली. ते जागीच थबकले. आता सायकलवर बसलेलं दिसायला हवं, निदान एक पाय तरी पेडलवर हवा. त्यांनी पाय उचलला. तो परत जमिनीवर आला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. "आज बावीस! दम लागला बुवा. तुमचे?"

दातवाल्यांनी निरोप वाचला, मग वर पाहिलं. चष्मेवाले फोन बाजूला ठेवून शब्दकोडं सोडवत होते. दातवाले सायकल ढकलत जवळ गेले. चष्मेवाल्यांची सायकल भिंतीला टेकून उभी होती. साखळीवर तांबूस गंज चढला होता आणि पुढचं चाक पार बसलेलं होतं.

"चाकात हवा नाही तुमच्या," दातवाले म्हणाले.

चष्मेवाल्यांच्या हातातलं पेन पडलं. त्यांनी दातवाल्यांकडे पाहिलं, हँडलला लोंबणाऱ्या हेल्मेटकडे पाहिलं, पोटावरच्या तळव्याकडे पाहिलं.

"ढकलायला हवा कशाला लागते," ते म्हणाले.

हसण्यासारखं होतं, पण दोघांनाही हसू आलं नाही. दातवाले शेजारी बसले.

"कधीपासून?" दातवाल्यांनी विचारलं.

"त्या दिवसापासूनच. तुमचं पोट फाटलं, माझं काय फाटलं कोण जाणे." चष्मेवाल्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "तुम्ही काही नाही झालं म्हणालात. तुमचा चेहरा पांढराफटक होता, मला दिसत होता की. तरी मी म्हटलं, नाही ना झालं, मग बरं. त्यातच सोय होती माझी. वर घरी बोलू नका म्हणून सांगितलं. सहा तास, साडूभाऊ. माझ्या बायकोने येऊन सांगितलं मला ते सहा तासांचं."

दातवाल्यांना काहीतरी मोठ्या मनाचं बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"मला फार भीती वाटते हो."

हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, सर्जनबाईंनाही नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते उठले. त्यांनी दातवाल्यांची सायकल बांधाच्या मधोमध आणून उभी केली आणि सीटमागचं कॅरिअर दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"बसा."

"नको."

"बसा हो. मी धरतो."

शेवटी दातवाल्यांनी हँडल धरलं. बसताना डोळे मिटले गेले, ते चाक हलल्यावरच उघडले. हँडलचं टोक डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, पोटाच्या वीतभर पुढे डुलत राहिलं.

"सोडू नका!"

"नाही सोडत."

"धरलंय ना?"

"धरलंय, धरलंय."

कठड्याचे दगड मागे सरकू लागले. पाठीमागून चपलांची फटफट आणि मोठमोठ्या धापा ऐकू येत होत्या. भीती पोटात होतीच, तिच्यासकटच पाय फिरत होते. बांधाच्या अर्ध्यावर दातवाल्यांच्या लक्षात आलं की हँडल आता डुलत नाही. जरा जोर लावला तर सायकल चष्मेवाल्यांच्या हातातून सहज निघून जाईल.

"दमलात का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"छे," चष्मेवाले धापा टाकत म्हणाले.

दातवाल्यांनी पाय आणखी सावकाश फिरवले.