भिंतीपलीकडचा माउस

मी एक जुना माउस आहे आणि मला शेपूट नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मी बिनवायरचा. माझ्या पोटात एक सेल आहे आणि पोटाखाली एक लाल डोळा. त्या डोळ्याने मला फक्त माझ्याखालचे दिसते. माणसांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, माणसे मी हातावरून ओळखतो. मी जे पाहतो ते माझा जोडीदार संगणकाला कळवतो आणि पडद्यावरचा बाण तसा हलतो. हा जोडीदार म्हणजे करंगळीच्या नखाएवढा रिसीव्हर. तो संगणकाच्या मागच्या बाजूला खोचलेला असतो. मित्रांनो, त्याला विसरू नका. आमच्या घरचे सगळे त्याला विसरले आणि तिथेच घोळ झाला.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. एका बाईने माझी दोन्ही बटणे दाबून पाहिली आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले तेव्हा माझ्यावर एक रुंद, कोरडा हात आला. तो हात घरांचे नकाशे काढायचा. हात ज्यांचा होता त्यांना बांधकामावरची माणसे मिलिमीटर म्हणत, कारण भिंत तेवढीशी सरकली तरी ते सगळा नकाशा पुन्हा काढायला बसत. मीही त्यांना मिलिमीटरच म्हणायचो, अर्थात मनातल्या मनात.

त्यांना एक सवय होती. विचार करताना ते मला गोल गोल फिरवत, तेही घड्याळाच्या काट्यांच्या उलट. काम एका खोलीचे असले तरी माझे फेरे गावभर होत. त्यांच्या बोटाने माझ्या डाव्या बटणाला खळगा पडला. आलेल्यागेलेल्याला ते सांगत, "ह्याच्यासारखा माउस आता शोधूनही मिळायचा नाही." मला ते ऐकायला आवडायचे.

दुपारी त्यांची बायको स्टूल ओढून शेजारी बसायची. मग ते तिचा हात माझ्यावर ठेवत आणि तिच्या हातावर आपला.

"सांग, स्वयंपाकघराची खिडकी कुठे ठेवू?"

ती विचार करायची आणि तिचा हात थांबायचा. लगेच ते तो फिरवू लागत, उलटे फेरे. "हात थांबवायचा नाही. हात थांबला की डोकं थांबतं."

"तुमचं थांबत असेल," ती म्हणायची. तरी हात फिरू द्यायची.

मग मिलिमीटर गेले. सकाळी हात आला नाही, दुपारीही आला नाही. बरीच पावले आली, पुष्कळ खुर्च्या सरकल्या, पुन्हा सगळे शांत झाले. घरात कोणी मोठ्याने रडले नाही. मलाही काही वाटले नाही. वाटायला हवे होते, एवढे मात्र कळत होते.

त्यांच्या खुर्चीत त्यांची मुलगी बसू लागली. काम ती त्यांच्याकडेच शिकली होती. पहिल्या दिवशी तिने मला धरले, तिचे बोट त्या खळग्यात गेले आणि तिने हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तिने नवा माउस आणला, वायरचा, चांगला लांब शेपटीचा. मला खणात टाकले. जोडीदार मागे तसाच खोचलेला राहिला आणि माझे बटणही चालूच राहिले.

खणातून मला तिच्या आईने उचलले. चष्मा शोधत होती, हाताला मी लागलो. ती मला शेजारच्या खोलीत घेऊन गेली आणि भिंतीला लागून असलेल्या पलंगावर बसली. ती आता फारशी बोलत नसे. जेवायला हाक मारली की जेवायची, आणि पुन्हा पलंगावर येऊन बसायची. हाताखाली मी. तिचा हात माझ्यावर पडला की आपोआप फिरू लागायचा. मला चादरीचे धागे दिसायचे, निळा, पांढरा, पुन्हा निळा.

भिंतीच्या त्या बाजूला मुलगी एका शाळेचा नकाशा काढत होती. वर्गाची भिंत ओढता ओढता बाण सटकायचा आणि भिंत थेट मैदानात जायची. तिने नव्या माउसचा डोळा पुसला. खालची चटई बदलली, कोरा कागद घातला. बाणाचा वेग कमी केला. बाण पुन्हा सटकला. दोन माउस एकाच बाणाला ओढत होते आणि तिला एकच ठाऊक होता.

तिने दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याला सगळे रीस्टार्ट म्हणत, कारण कोणत्याही दुखण्यावर त्याचा पहिला उपाय तोच.

"बंद करून चालू केलंत का?" त्याने विचारले.

"चार वेळा."

"मग पाचव्यांदा करू."

पाचव्यांदाही झाले. मग त्याने नवा माउस पुढच्या बाजूला लावून पाहिला. मागे वाकायला त्याचे पोट आड येत होते. शेवटी म्हणाला, "व्हायरस असणार," आणि चहा पिऊन गेला.

संध्याकाळी शाळेचे काम देणाऱ्या इंजिनीअरचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, आवाज भिंतीतून मलाही ऐकू आला. "तुझ्या बाबांची रेघ कधी हलली नाही गं. तुला जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरीकडे देतो. वाईट वाटून घेऊ नकोस." ती म्हणाली, "जमेल." तिच्या हातात बाबांचे तेवढेच एक काम उरले होते आणि तेही सुटत चालले होते. मी आईच्या हाताखाली फिरतच होतो. मला थांबता येत नाही.

भिंतीपलीकडचे हे सगळे आणि पुढचेही मला त्या शेपूटवाल्याने नंतर सांगितले. त्या दिवशी मुलीने त्याच्यावरचा हात उचलला आणि नुसती पडद्याकडे पाहत बसली. बाण हलत होता. गोल गोल, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. तिने ते फेरे ओळखले. ती घाबरली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि हळूच म्हणाली, "बाबा?"

दुसऱ्या दिवशी रीस्टार्टचा फोन आला तेव्हा तिने सांगितले, "नको, राहू दे. झालं ठीक." ठीक काहीच झाले नव्हते. ती काम बाजूला ठेवून फेऱ्यांची वाट पाहू लागली. एका दुपारी ते सुरू झाले आणि ते आईला दाखवावे म्हणून ती उठली.

ती दारात आली. आई पाठमोरी बसली होती आणि चादरीवर मी फिरत होतो.

मुलीची पावले दारातच थांबली. मग तशीच मागे गेली. पलीकडे टेबल सरकल्याचा आवाज आला आणि माझा जोडीदार निघाला. त्यानंतर माझा डोळा चालू होता, धागे दिसत होते, पण ते सांगायला कोणी नव्हते. आईला तिने काही सांगितले नाही. आईचा हात फिरत राहिला.

शाळेचा नकाशा पूर्ण झाला. इंजिनीअरने फोनवर एवढेच म्हटले, "रेघ बाबांची वाटते." तरी ती हसली नाही. पण त्या दिवसापासून काम आटोपले की ती जोडीदाराला परत खोचू लागली. समोर कोरा पडदा ठेवायची आणि बाणाचे फेरे बघत बसायची. भिंतीच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला लेक.

मग एके दिवशी माझा सेल संपला. डोळा विझला. आईचा हात फिरला, पण पलीकडे बाण जागचा हलला नाही. मुलीने वाट पाहिली. मग ती धावतच आली. आईने मला हातात उलटे धरले होते.

"हा बंद पडलाय बघ," आई म्हणाली. "सेल आहे का गं तुझ्याकडे?"

कितीतरी दिवसांत तिने आपणहून काही मागितले नव्हते. मुलीने भिंतीवरचे घड्याळ उतरवले, त्यातला सेल काढला आणि माझ्या पोटात घातला. घड्याळ बंद पडले. त्याची हरकत कोणी घेतली नाही.

आईने मला चादरीवर ठेवले, पण फिरवले नाही. तिने विचारले, "तिकडे हलतं का गं काही?"

मुलगी पलंगावर टेकली. "हलतं, आई. रोज हलतं."

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. मग मला घेऊन उठली. "चल, दाखव."

आता मी पुन्हा टेबलावर असतो, त्या शेपूटवाल्याच्या शेजारी. काम तो करतो. दुपारी मात्र स्टूल ओढल्याचा आवाज येतो, लेक विचारते, "आई, खिडकी कुठे ठेवू?" आणि दोन हात माझ्यावर येतात. वरचा हात लेकीचा असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी बाण असा सैरभैर पळू लागला तर माउसचा डोळा पुसा, चटई बदला, सेल तपासा. संगणकाच्या मागे वाकून जुना रिसीव्हर राहिला आहे का तेही बघा. दिसला तर काढा. पण काढण्याआधी शेजारच्या खोलीत एकदा डोकावून या.