पूल म्हणवून घेणारा रपटा

मी एक जुना रपटा आहे. मित्रांनो, हे वाक्य आज मी किती सहज म्हणून टाकलं! पण आयुष्यभर ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. कोणी मला रपटा म्हटलं की माझं डोकं तापायचं. मी स्वतःला पूल समजत होतो. माझे तेवढे लाड करणारी माणसंही मला भेटली होती, म्हणून दोष एकट्या माझा नाही.

तुमच्यातल्या शहरातल्या मित्रांना रपटा म्हणजे काय ते सांगायला हवं. पूल नदीच्या वर उभा असतो. रपटा नदीच्या पात्रातच बसतो. दगड आणि सिमेंटचा एक बुटका बांध, त्याच्या पोटातून पाणी जायला नळ्या आणि पाठीवर रस्ता. ना खांब, ना कठडे. उन्हाळ्या-हिवाळ्यात नदी माझ्या पोटाखालून मुकाट जाते. पावसाळ्यात तिच्या अंगात आलं की ती सरळ माझ्या डोक्यावरून जाते. मग मी दिसेनासा होतो आणि रस्ता बंद.

माझं गाव डोहखेड, मोताळा तालुक्यातलं. नदी ओलांडली की धामणगाव बढ्याचा रस्ता लागतो आणि तिथून पुढे मलकापूर. मोठी शाळा, दवाखाना, बाजार, कापसाची जिनिंग, सगळं नदीपल्याड. अल्याड आम्ही.

माझा जन्म बहात्तर सालच्या दुष्काळातला. हाताला काम मिळावं म्हणून सरकारने जी कामं काढली, त्यात मीही एक निघालो. गावातली माणसं खडी फोडत आणि बाया घमेली वाहत. त्या बायांमध्ये दोन नव्या नवऱ्या होत्या. एक देऊळघाटची लेक रुखमाबाई. दुसरी गावातल्या शिंप्याची बायको अजीजुन्निसा. एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती, तरी दोघींची बडबड दिवसभर चालायची. दुष्काळात सरकारने वाटलेल्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकर दोघी एकाच फडक्यातून खात. रुखमाबाईची चुंबळ फाटली तेव्हा अजीजुन्निसाने आपल्या ओढणीचा तुकडा फाडून तिला दिला होता. माझ्या अंगातला प्रत्येक दगड अशा कोणाच्या तरी डोक्यावरून आला आहे, हे मी कधी विसरलो नाही.

काम संपलं त्या दिवशी मुकादम हात झटकून म्हणाला, "चला, झाला रपटा."

अजीजुन्निसाने घमेलं खाली आपटलं. "रपटा कायकू बोलते? पुल बोलो, मुकादम! सर के बाल गये इसके पीछू."

"हाव त!" रुखमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एवढं डोकं झिजवलं आमी. पूलच म्हना."

मुकादम हसला आणि पूल म्हणाला. माझं बारसं ते असं झालं. त्या दिवसापासून या दोघींच्या कानावर पडेल असं मला रपटा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. गावात नवी सून आली की रुखमाबाई माझ्या तोंडाशी तिला अडवायची आणि विचारायची, "हे काय आहे व?" पोरगी बिचारी बावरून जायची. घरच्या बाया तिच्या कानात सांगायच्या, ती "पूल" म्हणायची, मग वाट मोकळी. पुढे तो गावचा रिवाजच झाला. माझ्यासारख्या बुटक्याचा एवढा मान! मी फुगलो नसतो तरच नवल.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. कापसाने भरलेल्या बैलगाड्या पहाटे माझ्या अंगावरून मलकापूरला निघायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या, गाणी म्हणत परत यायच्या. पहिली एसटी आली तेव्हा गावाने तिच्या पुढच्या चाकाखाली नारळ फोडला आणि ड्रायव्हरला पेढा भरवला. पोळ्याचे बैल माझ्यावरून गेले आणि मोहरमचे ताजियेही गेले. हिवाळ्यात बाया माझ्या कडेला मिरच्या वाळत घालायच्या. मलाही त्या ठसक्याची सवय झाली होती.

पूर आला की मात्र माझी फजिती व्हायची. दोन्ही काठांवर माणसं ताटकळत उभी राहायची. कोणी नवखा विचारायचा, "पूल कुठाय हो इथला?" तेव्हा अजीजुन्निसा म्हणायची, "नहाने बैठा. आता है थोडी देर में." सगळे हसायचे आणि माझी लाज झाकली जायची.

आता ती नाही. तिचा जनाजा माझ्यावरूनच गेला, कारण कब्रस्तान पल्याड आहे. रुखमाबाई माझ्या अल्याडच्या टोकाला बसून होती. पदराने तोंड पुसत ती एवढंच म्हणाली, "पुलावरून गेली माही अजीजु." तेव्हापासून रुखमाबाई त्या शब्दाच्या बाबतीत फारच कडक झाली. आधी ती थट्टेने रागवायची, आता खरोखर रागवायला लागली. तो शब्द म्हणजे तिच्या मैत्रिणीची आठवण होती. गावही ते ओळखून होतं. तिच्यासमोर मला कोणी रपटा म्हणत नसे.

अजीजुन्निसाचा मुलगा गफ्फार नदीकाठच्या दुकानात शिलाई मशीन चालवतो. त्याची मुलगी आसमा. गावातली शाळा सातवीपर्यंतच आहे, म्हणून आसमा आठवीला धामणगाव बढ्याला जायला लागली. मुलींना न्यायला एक निळी बस येते. रोज सकाळी ती बस माझ्यावर आली की आसमा खिडकीतून रुखमाआजीला हात करायची.

पुढच्या उन्हाळ्यात शहरातून एक माणूस आला. जिल्ह्यातल्या रस्त्यांचा आणि पुलांचा वीस वर्षांचा आराखडा सरकार करत होतं. कुठे रस्ता कच्चा आहे, कुठे पूल नाही, कुठे आधी काम करायचं, हे ठरवायचं होतं. ऊन मी म्हणत होतं. तो गफ्फारच्या दुकानाच्या सावलीत टेकला, पाणी प्याला आणि विचारता झाला, "गावाच्या नदीवर पूल आहे का?"

रुखमाबाई तिथेच चोळीला काजं करून घ्यायला बसली होती. "आहे ना!" ती ठसक्यात म्हणाली. "पक्का पूल आहे. आमीच बांधला."

"हाव साहेब, आहे," गफ्फारही म्हणाला. मावशी समोर बसलेली, तो दुसरं काय म्हणणार? त्या माणसाने मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि नदीकडे न येताच तो निघून गेला. मी मात्र खूश होतो. शेवटी सरकारदरबारीही मी पूल झालो, असं मला वाटलं.

त्या पावसाळ्यात नदीने माझी एक कड तोडली. माणूस जाऊ शकेल, मोटारसायकल जाऊ शकेल, पण बसचं चाक बसणार नाही, एवढी ती कड गेली. गावाने मुरूम टाकून ती बुजवली, पण पुढच्या पाण्यात तोही गेला. बसवाल्यांनी सांगितलं, या नदीवर नीट पूल होईपर्यंत बस पल्याडहूनच परत फिरेल. आणि पाणी आलं की मुलींनी पल्याड जायचं तरी कसं? आसमाची शाळा बुडत गेली. दुरून फिरून जाणारा एक रस्ता आहे, पण तो चिखलाचा आणि लांबचा.

गफ्फार वाईट माणूस नाही, मित्रांनो. मुलीने शिकावं असं त्यालाही वाटायचं. एकदा माझ्या काठावर बसून तो सरपंच इंद्रभानला म्हणाला, "भाऊ, पूल येनार असंन त मी दोन पावसाळे कसेबी काढतो. दुकान बंद ठिवून, फेऱ्यानं गाडीवर नेऊन सोडतो पोरीले. पन येनारच नसंन, त किती साल करू हे? मंग बसंन ते मशीनवर माह्यासंग."

आसमा मागे उभी होती. तिने ऐकलं आणि पाठीवरचं दप्तर उतरवून हातात घेतलं. मला ते फार लागलं.

इंद्रभान बांधकामाच्या कार्यालयात गेला आणि तोंड पाडून परत आला. "आपलं गाव त यादीतच नाही," तो पारावर सांगत होता. "ते म्हन्ते, तुमच्या नकाशावर पूल आहे. ज्या गावाले पूलच नाही त्यायचा नंबर पह्यले."

आणि त्यात खोटं तरी काय होतं? गावानेच सांगितलं होतं. माझ्या लाडापायी सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं नाव नकोसं झालं.

गावाने ग्रामसभेत ठराव केला, फेरपाहणी करा म्हणून अर्ज दिला आणि हिवाळा संपता संपता एक अभियंता मॅडम आल्या. अश्विनी मॅडम. त्यांनी चपला काढल्या, पात्रात उतरून माझ्या नळ्या पाहिल्या, तुटलेली कड पाहिली. वर येऊन त्या म्हणाल्या, "मला दिसतंय हे काय आहे ते. पण नकाशावरची नोंद गावाच्या सांगण्यावरून झाली आहे. ती बदलायची तर गावानेच सांगायला हवं. हा पूल नाही, असं म्हणा, मी लिहून घेते."

सगळं गाव जमलेलं आणि सगळं गाव मुकं. कारण पुढे रुखमाबाई काठी टेकून उभी होती.

इंद्रभानने घसा खाकरला. "तसा... पूलच आहे मॅडम. पन लहान आहे जरा."

"लहान पूल लिहू?"

"खालचा पूल लिहा," मागून कोणीतरी सुचवलं.

"म्हनजे आहेही आन नाहीही, असं काही लिहता येत असंन त..." गफ्फार मान खाली घालून म्हणाला. त्याच्या मुलीचं पुढचं सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं, तरी आईच्या मैत्रिणीपुढे त्याच्याने तो शब्द निघेना.

मॅडमना हसू आलं, पण त्या समजुतीने म्हणाल्या, "दादा, पूल हा शब्द कसाही लिहिला तरी तुमचं गाव यादीत येणार नाही."

मी श्वास रोखून होतो. मला वाटत होतं कोणीतरी बोलावं आणि वाटत होतं कोणी बोलू नये. खरं सांगतो, दोन्ही वाटत होतं.

रुखमाबाईने आजूबाजूला पाहिलं. मग आसमाला हाक मारली. "पोरी, तुही बस कुठवर येते?"

"पल्याडवर, आजी."

"आन पानी असलं का?"

"मंग नाही जात मी."

 काठी गफ्फारच्या हातात देऊन म्हातारी माझ्या अंगावर आली, खाली बसली आणि तिने तळहात माझ्यावर टेकवला. त्या हाताला मी ओळखत होतो. याच हाताने माझे दगड उचलले होते.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "हा रपटा आहे. पूल असता त माह्या अजीजुची नात अशी अल्याड राह्यली नसती."

 मॅडमनी लिहून घेतलं. एकेकाने पुढे होऊन सही केली, अंगठा केला. रुखमाबाई तशीच बसून होती. हळूच, फक्त मला ऐकू येईल असं बोलली, "राग नोको धरू, राज्या."

मित्रांनो, मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिच्या तोंडून तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. पण राग कसा धरणार? तिला तो शब्द किती जड गेला असेल हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मला डोळे असते तर मी त्या दिवशी रडलो असतो.

डोहखेडचं नाव आराखड्यात आलं. गफ्फारने दुकान बंद ठेवून दोन पावसाळे पोरीला फेऱ्याच्या रस्त्याने नेऊन सोडलं. मधल्या काळात माझ्या शेजारी खांब उभे राहिले. दर उन्हाळ्यात माझी कड मुरमाने बुजवून त्यांची खडी, लोखंड, सिमेंट सगळं माझ्याच अंगावरून गेलं. माझी उरलीसुरली कंबरही त्यात मोडली, पण मी कुरकुर केली नाही. नवा पूल उंच आहे, देखणा आहे, त्याला कठडे आहेत. थोडा अकडूही आहे. चालायचंच, वय आहे त्याचं.

यंदाच्या पहिल्या मोठ्या पुरात मी नेहमीसारखा पाण्याखाली गेलो. वरून निळ्या बसचा आवाज आला आणि न थांबता पुढे गेला. त्या बसमध्ये आसमा होती, आता बारावीत गेलेली. दोन्ही काठांवर कोणीही ताटकळत उभं नव्हतं. पूर ओसरायची वाट पाहणारं कोणी नव्हतं. मी सुखावलो आणि एकटाही पडलो.

पाणी उतरलं तेव्हा माझ्या नळ्या काट्याकुट्यांनी बुजल्या होत्या, पाठीवर चिखल साचला होता. आता मला कोण विचारतो, असं म्हणून मी पडून होतो. रविवारी काठी टेकत रुखमाबाई खाली उतरली. बरोबर आसमा होती, तिच्या हातात फावडं. दोघी चिखल ओढू लागल्या.

"आजी," आसमा धापा टाकत म्हणाली, "आता याच्यावरून जाते कोन? काऊन एवढी मेहनत करता?"

"मी जातो ना," रुखमाबाई म्हणाली. "मले त्या उंचावर चक्कर येते. ओढ ते फांदी, काढ."

मित्रांनो, नव्या पुलांची मागणी जरूर करा. त्यासाठी आमची नावं खोडावी लागली तर बेलाशक खोडा. तुमच्या गावाशेजारीही असा एखादा बुटका म्हातारा पाण्यात बसलेला असेल. त्याच्याकडे आता काही काम नसलं तरी पूर ओसरल्यावर एकदा खाली उतरा आणि त्याच्या नळ्यांमधला कचरा तेवढा काढा. त्याला मोकळा श्वास घेता येईल.