तिसऱ्या ग्लासातलं पीठ

बेकरीवाल्याची लेक चिंगी सातवीत होती आणि विज्ञानात लागोपाठ दोनदा आपटली होती. विज्ञानाच्या बाईंनी शेवटची संधी दिली: स्वतःचा एक प्रयोग करायचा आणि वर्गापुढे समजावून सांगायचा. जमलं तर पास, नाहीतर सुट्टीत जादा वर्ग. जादा वर्गाचं बेकरीवाल्याला फारसं काही वाटलं नव्हतं. पण "विज्ञान माझ्या डोक्यात शिरतच नाही, बाबा," असं पोरगी ज्या थंडपणे म्हणाली, ते त्याच्या जिव्हारी लागलं. एवढ्या लवकर पोरीनं हात टेकावेत, हे त्याला पटेना.

"अगं, आपल्याकडे दिवसभर दुसरं चालतं काय?" तो म्हणाला. "पीठ काय उगाच फुगतं?"

चिंगीला तेवढं पुरलं. रविवारी दुपारी तिनं भट्टीच्या खोलीतल्या खिडकीत काचेचे तीन ग्लास मांडले. प्रत्येकात यीस्ट घालून मळलेलं पीठ दाबून बसवलं, पिठाच्या उंचीवर पेनानं रेघ मारली आणि "हात लावायचा नाही हं कुणी," असं बजावून ती मैत्रिणीकडे गेली.

थोड्या वेळानं बाप डोकावला. दोन ग्लासांतलं पीठ छान वर येत होतं. तिसऱ्यातलं मात्र ढिम्म. आता या माणसाच्या बेकरीत मेलेलं पीठ आजवर कधी पडून राहिलेलं नव्हतं. दिसलं की उचलायचं, फेकायचं, नवं घ्यायचं. डोक्याला न विचारता हातच ते काम उरकत. त्यात पोरीची शेवटची संधी! मळताना तिचं काहीतरी चुकलं असणार, असं धरून त्यानं तिसरा ग्लास रिकामा केला आणि आपल्या परातीतलं ताजं पीठ बरोबर रेघेपर्यंत भरलं. मग स्वतःवरच खूश होऊन शीळ घालत कामाला लागला.

चिंगी परतली तेव्हा तिसऱ्या ग्लासातलं पीठ सगळ्यांत वर, काठाबाहेर आलं होतं. तिचा चेहरा पडला.

"काय झालं गं? तिन्ही फुगले की!"

"तिसरं फुगायला नको होतं, बाबा. पहिल्यात मीठ नाही, दुसऱ्यात चिमूटभर आणि तिसऱ्यात तीन चमचे. मीठ जास्त झालं की पीठ फुगायचं थांबतं का, तेच तर बघायचं होतं."

बेकरीवाल्याला आपली चूक कळली. मदत करायला गेला आणि माती खाल्ली. कबूल करायला तोंड उघडणार, तोच त्याच्या लक्षात आलं की पोरगी रडत नव्हती. ती ग्लासाकडे टक लावून बघत होती. तिनं जरासं पीठ जिभेला लावलं आणि लगेच थुंकलं.

"खारट नाहीये," ती सावकाश म्हणाली. "मीठ आपोआप जाईल कुठे? म्हणजे हे माझं पीठच नाही." तिची नजर ग्लासावरून परातीकडे गेली आणि परातीवरून बापाकडे. "बाबा?"

"मीच," बाप म्हणाला. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त आनंद होत होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा झाला. या खेपेला बापाला स्टुलावर बसवलं होतं, हात खिशात घालून. डोळ्यांदेखत मेलेलं पीठ तसंच राहू देणं त्याला फार जड गेलं, पण तो जागचा हलला नाही.

वर्गात पालकांनाही बोलावलं होतं. बेकरीवाला मागच्या बाकावर कसाबसा गुडघे दुमडून बसला. चिंगीनं ग्लास मांडले.

"माझा पहिला प्रयोग फसला," ती म्हणाली. "प्रयोगात एकच गोष्ट बदलायची असते. आमच्याकडे दोन बदलल्या. मीठ आणि बाबा."

वर्ग खो खो हसला. बेकरीवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

"फसला, हे तुला कसं कळलं?" बाईंनी विचारलं. चिंगीनं जिभेला पीठ लावल्यापासून सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता.

"मग नक्की किती मिठानं फुगायचं थांबतं?" एका मुलानं खोच काढली.

"ते अजून माहीत नाही. येत्या रविवारी बघणार आहे."

"जादा वर्गाला यायची गरज नाही तुला," बाई म्हणाल्या. निघताना दारात त्यांनी बेकरीवाल्याला गाठलं. "घरून चांगली मदत झालेली दिसते."

"छे हो, बाई!" बाहेरच्या पालकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. "मी तर पार वाट लावली होती. हिनं पकडलं मला!"