एकाक्षरी

पाचव्यांदा परत आलेल्या कोडच्या दुरुस्तीवरचे शेरे तिने छापून काढले, सर्जिकल टेपचे चार तुकडे दातांनी तोडले आणि तो कागद भिंतीवरच्या तक्त्यावर चिकटवून टाकला. रुग्णालयातली ही कॉम्प्युटरची खोली पूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांची होती. डॉक्टर गेले, तक्ता राहिला. आता त्यावरची लहानमोठी अक्षरं झाकली गेली आणि त्यांच्या जागी त्याहून बारीक अक्षरांतले सात शेरे आले. ओळ ठरलेल्या लांबीच्या पुढे गेली आहे. अवतरणचिन्हं दुहेरी हवीत. टिपणाच्या शेवटी पूर्णविराम नाही. टिपणात 'आपण' हा शब्द वापरू नये. 'यू' हे एका अक्षराचं नाव चालणार नाही, अर्थ कळेल असं नाव द्यावं. उरलेले दोन याच माळेतले.

"सात," ती रेकॉर्ड रूमच्या बाईंना म्हणाली. "मागच्या खेपेला चार होते. म्हणजे मी सुधारतेय की बिघडतेय?"

बाई प्रिंटरचे कागद न्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून शेरे वाचले आणि हे त्या अहवालाच्या भानगडीचंच का, असं विचारलं. त्याचंच होतं.

पाच आठवड्यांपूर्वी एक शाळामास्तरीण स्वतःचा थायरॉइडचा अहवाल बघायला रुग्णालयाच्या साइटवर गेली आणि तिच्या फोनवर भलत्याच मुलीचा गर्भचाचणीचा अहवाल उघडला. नाव, वय, पत्ता, सगळं. मास्तरीण भली, तिने खिडकीशी येऊन हळू आवाजात सांगितलं. त्याच्या तीन दिवस आधी तोच अहवाल आणखी कुणासमोर उघडला होता आणि तो माणूस भला नव्हता. ती मुलगी नंतर कचेरीबाहेरच्या बाकावर दोन तास खाली मान घालून बसली होती. तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती, की हे बाहेर गेलं कसं.

वॉर्डातल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे जिला कॉम्प्युटरबाई म्हणायचे, तिने त्याचं उत्तर शोधायला अठरा दिवस घेतले. चूक तिची नव्हती, रुग्णालयाचीही नव्हती. साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी होती, त्या सांगाड्यातच होती. जगभरातली हौशी माणसं मिळून तो सांगाडा बांधत आणि सांभाळत. हजारो साइट त्याच्यावर चालत. एकाच क्षणी दोघांनी पान मागितलं तर सांगाडा एकाचं पान दुसऱ्याच्या हाती ठेवायचा, कारण तयार पानावर तो फक्त पानाच्या पत्त्याची चिठ्ठी लावायचा, माणसाची नाही. तिने माणसाचीही चिठ्ठी लावली. बारा ओळींचं काम. रुग्णालयाच्या साइटवर ते लगेच चढवलं आणि इतरांच्याही कामी यावं म्हणून मूळ प्रकल्पाकडे पाठवलं.

तिथे तिची गाठ फूटपट्टीशी पडली.

हे नाव त्या तपासनिसाला लोकांनीच दिलं होतं. प्रकल्पाच्या लेखननियमांचं पुस्तक बरंचसं त्याचंच होतं, आणि अकरा वर्षं तो बिनपगारी त्याची राखण करत होता. आलेला कोड आधी नियमात बसला पाहिजे, मग पुढचं बोलणं. त्याच्या शेऱ्यांत ना राम राम, ना आभार. ओळ क्रमांक आणि चूक. तिने घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, की घराला आग लागली असताना बंब घेऊन येणाऱ्याला हा माणूस चपला बाहेर काढ म्हणतो की काय. सासूबाईंनी आपली बाजू घेतल्याला वर्षं झाली होती, त्यामुळे राग आणखीच खरा वाटू लागला.

पाचव्या खेपेनंतर मात्र तिने शेरे दुरुस्त केले नाहीत. जेवणाचा डबा तसाच बंद ठेवून तिने प्रकल्पाच्या चर्चापानावर पत्र लिहिलं. त्या बाकावरच्या मुलीचं सांगितलं. शेवटी लिहिलं, 'तुम्ही अक्षरं मोजत बसा. इथे आम्हाला माणसांना तोंड द्यावं लागतं. ज्यांचं आयुष्य तुमच्या पूर्णविरामासाठी अडलंय, त्यांच्यापुढे एकदा येऊन उभे राहा.'

पाठवल्यावर तिचे कान गरम झाले होते. बरं वाटत होतं.

दोन दिवसांत त्या पत्राखाली पसंतीचे दोनशे बारा अंगठे उमटले. ज्यांचा कोड कधीकाळी परत आला होता ते सगळे हिशेब चुकते करायला आले. एकाने लिहिलं की अशा माणसांमुळेच आपण प्रकल्प सोडला. दुसऱ्याने त्याला हुकूमशहा म्हटलं, तिसऱ्याने त्याहून वाईट. तिने प्रत्येक ओळ वाचली. थांबा, इतकं नको, असं एकदा लिहावंसं वाटलं, लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फूटपट्टीचं उत्तर आलं. एकच वाक्य होतं.

'यू या नावाबद्दलची सूचना अजून बाकी आहे.'

तिला हसू आलं आणि मग इतका संताप आला, की खुर्ची मागे सारून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली रुग्णवाहिकेचा चालक गाडीच्या काचा पुसत होता. घे, ती मनात म्हणाली, तुझं तेवढं एक राहायला नको. सगळे सात शेरे अक्षरशः पाळायचे आणि मग त्याच्याकडे बोलायला काही शिल्लक उरतं का ते बघायचं.

पूर्णविराम दिला. अवतरणं बदलली. मग 'यू' घेतला. बारा ओळींत तो अकरा वेळा होता. मशीनला सांगून एका झटक्यात सगळीकडे नाव बदलता आलं असतं, पण रागात माणूस काम हाताने करतो. पहिला 'यू' म्हणजे युजर, वापरणारा माणूस. तिने तिथे तसं नाव लिहिलं. दुसरा, तिसरा, चौथा. सातव्यापाशी तिची बोटं थांबली.

हा 'यू' माणूस नव्हता. मध्ये एके ठिकाणी, पान दुसरीकडे वळवायचं असेल तर, तिने त्याच अक्षरात पानाचा पत्ता भरला होता. पत्ता, म्हणजे यूआरएल, म्हणून 'यू'. आणि तिथून खाली चिठ्ठी लावताना माणूस समजून तोच 'यू' लावला होता. म्हणजे वळवलेल्या पानांवर माणसाची चिठ्ठी लागतच नव्हती. पत्त्यावर पुन्हा पत्ताच लागत होता.

तिने ती ओळ तीनदा वाचली. मग रुग्णालयाच्या साइटच्या नोंदी काढल्या. दुरुस्ती चढवल्याला तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांत दोन वेळा, एकदा मंगळवारी आणि एकदा काल दुपारी, एकाचा अहवाल दुसऱ्याकडे गेला होता. दोघांपैकी कुणीच तक्रार केली नव्हती.

मोठे डॉक्टर सह्या करत होते. तिने उभ्यानेच सांगितलं, काही गाळलं नाही. साइट आत्ताच बंद करायला हवी, हेही सांगितलं.

"म्हणजे तू दुरुस्त केलंस ते दुरुस्त नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"आणि कुणी सांगितलं?"

"कुणी तरी पाचव्यांदा सांगत होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या दोघांना मी स्वतः फोन करतो, पण तू शेजारी बसायचं, असं म्हणाले. ती बसली. पहिल्या माणसाने नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या बाईने ऐकता ऐकताच फोन ठेवून दिला.

खोलीत परत येऊन तिने प्रकल्पाचं पान उघडलं ते चूक कबूल करायला. पानावर हिरवी पट्टी झळकत होती. तिची दुरुस्ती मूळ सांगाड्यात सामील झाली होती. चाळीस मिनिटांपूर्वी, पाचव्या खेपेची, जशीच्या तशी. सामील करणारा तपासनीस नवा होता. त्याने टाळ्यांचं चित्र टाकून लिहिलं होतं, की उशिराबद्दल माफी असावी, आता इथे वारं बदललंय. तपासनिसांच्या यादीत फूटपट्टीचं नाव नव्हतं. यादीखाली बारीक टीप होती, की त्यांनी स्वतःहून जबाबदारी सोडली आहे.

तिने ताबडतोब लिहिलं की हे काढा, यात भोक आहे, चूक माझी आहे. नव्या तपासनिसाने लगेच उत्तर दिलं. 'अहो, नावं-बिवं सावकाश बदलू. तो जाच संपला आता.' तिने पुन्हा लिहिलं की प्रश्न नावाचा नाही, सातव्या जागचा 'यू' बघा, माणसांचे अहवाल बाहेर जातायत. तो म्हणाला की आज संध्याकाळी नवी आवृत्ती निघतेय, सगळी गडबड चालू आहे, तुम्ही वेगळी दुरुस्ती पाठवा, पुढच्या आठवड्यात बघू. मग तिने चर्चापानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की संध्याकाळची आवृत्ती थांबवा, माझा कोड चुकीचा आहे आणि तो न वाचता घेतला गेलाय.

पाच मिनिटांत त्याखाली तीस अंगठे उमटले. कुणीतरी लिहिलं, किती हा नम्रपणा. आणखी कुणी लिहिलं, बरोबर बोललात ताई, फूटपट्टीला असंच पाहिजे होतं.

तिने टेबलावर हाताचा पंजा आपटला. पलीकडच्या खोलीतून रेकॉर्ड रूमच्या बाई डोकावल्या, तिचा चेहरा पाहून परत गेल्या. इतके दिवस ती चिडत आली होती, पण हे चिडणं निराळं होतं. यात बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. आवृत्ती कुठल्याही क्षणी निघणार होती. ती हजारो साइटवर जाणार होती, आणि त्यांतल्या कितीतरी रुग्णालयांच्या असणार होत्या. दोनशे बेचाळीस माणसं तिच्या बाजूने उभी होती आणि त्यांतल्या एकानेही त्या बारा ओळी वाचल्या नव्हत्या.

नियमांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक जुना ईमेल पत्ता होता. तिने तिथे लिहायला घेतलं. माफीचं मोठं पत्र सुरू केलं, दोन परिच्छेद लिहिले, वाचले आणि पुसून टाकले. त्याला आत्ता माफीचं काय करायचं होतं? आणि तिला तरी कुठे वेळ होता? तिने लिहिलं:

'तुम्ही तपासनीस राहिला नाहीत हे मला माहीत आहे. माझा कोड सामील झालाय. त्यात चूक आहे आणि माझं कुणी ऐकत नाही. तुमचं अजून कुणी ऐकत असेल तर तो परत पाठवा.'

पाठवून ती पडद्याकडे बघत राहिली. तो वाचणार नाही, वाचलं तरी का उत्तर द्यावं, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. बाहेर व्हरांड्यात औषधांची ढकलगाडी खडखडत गेली.

चार मिनिटांनी उत्तर आलं. राम राम नव्हता, खाली सहीही नव्हती.

'कुठली ओळ?'

तिने खुर्ची पुढे ओढली आणि ओळींचे क्रमांक लिहायला सुरुवात केली.