प्लायवुडच्या पलीकडून

मी माउस बोलतोय. दचकू नका, मला शेपूट नाही. वायरवाल्या माझ्या थोरल्या भावंडांना ती असायची, मी बिनवायरचा. अंगानं काळा, पाठीवर एक चाक, पोटाखाली लाल दिवा आणि पोटात एका पेन्सिल सेलपुरती जागा. या घरात मला काही महिने भूत समजत होते. त्यात माझा दोष किती आणि दुसऱ्याचा किती, हे सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझ्यासारखे कारखान्यातून कधी एकटे बाहेर पडत नाहीत. माझ्याबरोबर माझा जुळा आला, नखाएवढा रिसिव्हर. त्याला कॉम्प्युटरच्या भोकात खोचायचं असतं. मी हललो की त्याला सांगतो, तो कॉम्प्युटरला सांगतो आणि मग पडद्यावरचा बाण हलतो. मी दुसऱ्या कुणाशी बोलत नाही आणि तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. लोक याला तंत्रज्ञान म्हणतात. मला विचाराल तर हा जुळ्यांचा हट्ट आहे.

मला विकत आणलं ते पुस्तकांची पानं लावणाऱ्या एका माणसानं. लेखकाचं लिखाण घ्यायचं, ते कॉम्प्युटरवर बसवायचं, ओळी सरळ करायच्या, जोडाक्षरं तपासायची आणि छापखान्यात पाठवायचं, हा मालकांचा धंदा. घर लहान. एका खोलीचे प्लायवुडच्या पार्टिशननं दोन भाग केलेले. अलीकडे मालकांचं टेबल, पलीकडे त्यांच्या वडिलांची लोखंडी खाट.

वडील म्हणजे बाबा. जन्मभर लेथ मशीनवर काम केलेले. मुलानं कारखान्यातली नोकरी सोडून अक्षरं लावत बसावं, हे त्यांना कधी पटलं नाही. भांडण असं झालं नाही, बोलणं मात्र आटलं. मालक संध्याकाळी कामाला बसले की कीबोर्डची टकटक पलीकडे जायची आणि पलीकडून बाबांचा खोकला अलीकडे यायचा. बापलेकांचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

पहिल्या दिवसापासून माझी कुरकुर सुरू झाली. मालकांनी माझ्या जुळ्याला कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीमागे खोचलं. डबा टेबलावर आणि त्याची पाठ पार्टिशनला चिकटलेली. म्हणजे मी पुढं, तो मागं आणि मध्ये सगळा पत्रा. मी ओरडून सांगायचो, त्याला निम्मं ऐकू यायचं. बाण चालता चालता अडायचा आणि मग एकदम उडी मारायचा. मालक मला उचलून टेबलावर आपटायचे. मला आपटून काय होणार होतं? मग सेल बदलायचे. मग टेबलाच्या काचेवर राग काढून माझ्याखाली वही घालायचे.

"अहो, ते मागचं काढून पुढं लावा ना," मालकीणबाई म्हणायच्या.

"उद्या लावतो. मागं हात घालायचा म्हणजे सगळं ओढून काढावं लागतं."

तो उद्या काही उजाडला नाही. मालकांनी माझी तक्रारही केली आणि माझ्यावाचून त्यांचं पानही हललं नाही. त्यांच्या अंगठ्यानं माझी डावी बाजू घासून इतकी गुळगुळीत झाली की तिथं एक खळगा पडला.

त्यांच्या दोन सवयी सांगून ठेवतो, पुढं लागतील. एक म्हणजे सेव्ह करणं. चार ओळी लागल्या की मला वर न्यायचे आणि सेव्हच्या खुणेवर टिचकी. बायकोला रोज सांगायचे, "लाइट काही सांगून जात नाही." आणि दुसरी म्हणजे काम मनासारखं झालं नाही तर चाक गरगर फिरवून पहिल्या पानावर यायचं. "पुन्हा पहिल्यापासून," असं स्वतःशीच म्हणायचे आणि खरंच पहिल्यापासून करायचे.

एका सकाळी छातीत कळ आली म्हणून ते दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. टेबलावर अर्धं लागलेलं एक जाडजूड पुस्तक राहिलं.

मालकीणबाई आधी नुसतं शुद्धलेखन तपासायच्या. आता पानंही त्याच लावायला बसल्या. घर चालवायचं होतं, आणि दुसरं म्हणजे ते पुस्तक अर्धं राहिलेलं त्यांना बघवत नव्हतं. माझ्या अडखळण्याला कंटाळून त्यांनी नवा माउस आणला. त्याचा रिसिव्हर दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे डब्याच्या तोंडाशी लावला. मला पुसलं, सेल पाझरून मी खराब होऊ नये म्हणून तो काढून घेतला आणि मला टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. माझा जुळा मात्र पाठीमागे तसाच राहिला. त्याची आठवण कुणालाच झाली नाही.

सेल काढला की जुळ्याला हाक मारायची आमची वाचा जाते, कान राहतात. तेव्हा पुढचं मी ऐकलेलं सांगतो.

काही दिवसांनी एका संध्याकाळी टकटक जोरात चालली होती. एकाएकी थांबली. मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "अहो?" आणि लगेच लाइट गेली. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, "मी हात लावला नव्हता गं. बाण आपला आपण वर गेला, सेव्हवर. आणि पुढच्या क्षणी अंधार. एवढं सगळं काम केलेलं, सेव्ह करायचं विसरले होते. एक अक्षर गेलं नाही." बहीण काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर मालकीणबाई कामाला बसल्या की शेजारी आणखी एक खुर्ची ओढून ठेवायच्या.

मग एके दुपारी घरात कुणी नसताना बाबांनी ड्रॉवर उघडला. त्यांना कात्री हवी होती. हाताला लागलो मी. त्यांनी मला उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. अंगठा फिरता फिरता त्या खळग्यात जाऊन बसला आणि तिथंच थांबला. कात्री राहिली ड्रॉवरमध्ये, मी गेलो पलीकडे.

बंद यंत्र हातात धरणं त्यांच्या स्वभावात नाही. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून त्यांनी माझ्या पोटात घातला आणि लाल दिवा लागलेला पाहून मान हलवली. घड्याळ त्या दिवसापासून बंद आहे.

आता पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. अलीकडून टकटक सुरू झाली की बाबा खाटेवर बसायचे, पार्टिशनला पाठ लावायचे आणि मला मुठीत घ्यायचे. डोळे मिटून माझं चाक फिरवत राहायचे, लेथचं फिरवावं तसं. माझ्या आणि माझ्या जुळ्याच्या मध्ये आता पत्रा नव्हता, होतं नुसतं प्लायवुड. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी त्याला सांगत होतो, तो कॉम्प्युटरला सांगत होता. आणि तिकडे मालकीणबाईंच्या पडद्यावरचं पुस्तक कुणी हात न लावता सरकत सरकत पहिल्या पानावर जात होतं.

त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? पुन्हा पहिल्यापासून. त्या शहाण्या बाई, पण नवऱ्याचं बोलणं त्यांना पाठ होतं. निमूटपणे पहिल्या पानापासून सगळं तपासायच्या, पुन्हा लावायच्या. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. निवडलेल्या ओळी सुटायच्या, बाण कोपऱ्यात पळायचा. मी पलीकडून त्यांचा आवाज ऐकायचो. आधी विचारायच्या, "कुठं चुकलं, सांगा तरी." नंतर नंतर विचारणंही बंद झालं, नुसतं नाक ओढल्याचा आवाज यायचा. मला थांबता येत नव्हतं. मुठीतल्या वस्तूला मुठीबाहेर काही ठरवता येत नाही.

शेवटी छापखानेवाल्यांचा फोन आला. मालकीणबाई त्यांना म्हणाल्या, "पुस्तक परत घेऊन जा. आणि पुढचंही दुसऱ्या कुणाला द्या. मला जमत नाहीये. ह्यांना पसंत नाही."

फोनवर काय उत्तर आलं कोण जाणे, पण छापखानेवाला जुना माणूस होता. त्यानं पुस्तक न्यायला गडी धाडला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं धाडलेल्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आल्या. जाडजूड, बोलक्या, हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडात लवंग.

"ताई, माउसचं कनेक्शन कच्चं असलं की लोकांना काय काय दिसतं, तुम्हाला सांगते," असं म्हणत त्यांनी कामाला सुरुवात केली. नव्या माउसमध्ये ताजा सेल घातला. टेबलाची काच काढायला लावली. मोबाइल आणि इंटरनेटचा डबा लांब ठेवला. नव्या माउसचा रिसिव्हर काढून फुंकर मारून परत लावला. "झालं," म्हणाल्या.

इकडे नेहमीची वेळ झाली होती. बाबांनी मला मुठीत घेतलं.

दुरुस्तीवाल्या बाईंची बडबड थांबली. "ताई, तुम्ही हात लावलाय का?"

"नाही. माझे हात हे बघा."

"कनेक्शन कच्चं असतं तर बाण अडखळला असता," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हा अडखळत नाहीये. हा चाललाय."

"मी सांगत होते ना," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, थकवा होता. "त्यांनीच आधी एकदा माझं काम सेव्ह केलं होतं. लाइट जायच्या आधी. आता का असं करतात, कळत नाही."

बाईंनी देवाचं नाव घेतलं की नाही ते मला ऐकू आलं नाही. पण हाडाच्या कारागीर त्या. डबा ओढल्याचा आवाज आला. कुणी मागं हात घातल्याचा तो पहिलाच प्रसंग.

"हे काय? इथं दुसरा रिसिव्हर आहे. कुणाचा?"

"जुन्या माउसचा. तो ड्रॉवरमध्ये आहे, सेल काढून ठेवलाय."

ड्रॉवर उघडला गेला. आत कात्री होती, मी नव्हतो.

"ताई," बाई म्हणाल्या, "तो माउस याच घरात आहे. आणि आत्ता कुणाच्या तरी हातात आहे."

तेवढ्यात बाबांना खोकला आला. ते खोकले की मूठ आवळली जायची आणि मी दचकायचो. तिकडे बाणही दचकला असणार, कारण खुर्ची सरकली. पुन्हा खोकला. मग पावलं आली आणि आमच्या दारात थांबली.

या दारात मालकीणबाई रोज ताट ठेवायच्या, औषध ठेवायच्या आणि परत फिरायच्या. मालक गेल्यापासून दोघांमध्ये कामापुरतंही बोलणं उरलं नव्हतं. आज त्या आत आल्या. बाबांनी मला झटकन पांघरुणाखाली घेतलं.

"बाबा, हातात काय आहे?"

"काही नाही."

त्या खाली बसल्या. बाबांनीच मग मूठ बाहेर काढली आणि उघडली. "कात्री शोधायला गेलो होतो," ते म्हणाले. "त्याचा अंगठा लागून लागून झिजलाय हा. बघ, इथं. माझ्यामुळे काही बिघडलं का, सूनबाई?"

मालकीणबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. बाबा घाबरून मला खाटेवर ठेवायला लागले, तर मालकीणबाईंनी त्यांची मूठ माझ्यासकट दोन्ही हातांनी मिटली.

"मला वाटलं, ह्यांना माझं काम आवडत नाही."

"त्याचं मला काही सांगता यायचं नाही. मी कुठं कधी विचारलं त्याला?" बाबा पार्टिशनकडे बघत म्हणाले. "पण तुझी टकटक मी रोज ऐकतो. तो थांबत थांबत करायचा. तू एकदा सुरू झालीस की थांबत नाहीस. मशीन नीट चाललंय की नाही, ते मला आवाजावरून कळतं. चांगलं चाललंय तुझं. तू बंद करणार म्हणून काल फोनवर ऐकलं, तेव्हापासून जेवण गेलं नाही."

दुरुस्तीवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या जुळ्याला डब्यातून उपटून आणलं होतं. "बाबा, आता हा कितीही फिरवा. कुणाचं काही जात नाही," त्या म्हणाल्या आणि नवी लवंग तोंडात टाकली. माझ्या पोटात सेलच्या शेजारी त्याच्यासाठी एक खाच आहे. तिथं त्यांनी त्याला बसवलं. इतकी वर्षं पत्र्यातून, प्लायवुडातून हाका मारल्या, आणि आता तो माझ्याच पोटात आहे. बोलायला मात्र काही उरलं नाही. मालकीणबाईंनी सेल काढून घड्याळात परत घातला, पण बाबा म्हणाले, राहू दे ते बंदच. म्हणून तो टॉर्चमध्ये गेला.

पुस्तक छापून आलं. त्याची एक प्रत बाबांच्या उशाशी असते. ते वाचत नाहीत, पानांच्या कडा बोटांनी तपासतात. अलीकडे पुढचं पुस्तक सुरू आहे. आता दार उघडंच असतं. बाबा खोकले की "पाणी हवंय का?" असं तिकडून येतं. शेजारची ती जादा खुर्ची मालकीणबाईंनी उचलून बाबांच्या खोलीत ठेवलीय. भूत गेलं, असं घरात ठरलं आहे.

त्यांचा हिशेब सरळ आहे. सगळं माउसमुळे झालं, सगळं बाबांच्या हातून झालं. पहिल्या संध्याकाळचं ते सेव्ह होणंसुद्धा त्यांनी माझ्याच नावावर मांडलंय.

पण त्या संध्याकाळी मी ड्रॉवरमध्ये होतो. बाबांनी मला अजून पाहिलंही नव्हतं. माझ्या पोटात सेल नव्हता. मला वाचा नव्हती.

हे घरात फक्त मला माहीत आहे, आणि संध्याकाळ झाली की मला त्याची भीती वाटते. अलीकडची टकटक मध्येच थांबते. मग एक टिचकी ऐकू येते, सेव्हची. मालकीणबाईंनी केली असेल, आता त्यांनाही सवय लागलीय. मी प्रत्येक वेळी स्वतःला हेच सांगतो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. हे त्यांना आपणहून सांगू नका, आत्ता कुठं झोप लागायला लागलीय. पण पुन्हा कधी त्या हताश होऊन म्हणाल्या की ह्यांना माझं काम पसंत नव्हतं, तर मात्र सांगा. पानं मागे नेणारा मी होतो. ज्यानं काम वाचवलं, तो मी नव्हतो.